आवाज मोठा नको, जवळ हवा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत सोसायटीच्या हॉलमध्ये एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी साउंड इंजिनिअर वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. नोकरी सगळी बँकेत गेली. पण शाळेत असल्यापासून रेडिओ उघडून बघायची खोड. पुढे पगार हातात आल्यावर रविवारची सकाळ बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जायची. त्यामुळे सोसायटीत कुणाला स्पीकर घ्यायचा असला की जिन्यात मला गाठतात. "काका, हॉलमध्ये लावायला आणि टेरेसवर न्यायला चालेल अशी एखादी चांगली सिस्टिम सांगा ना." सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की प्रत्येकाला जिन्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगा, म्हणजे स्मरणिकेतही छापता येईल.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. मॉडेलं दर वर्षी बदलतात. मात्र तीन प्रश्न बदलत नाहीत. ऐकणार कोण? तो बसणार कुठे? आणि भिंतीच्या पलीकडे कोण राहतं? पहिले दोन प्रश्न दुकानदारही विचारतो, निदान चांगला असेल तर विचारतो. तिसरा कुणीच विचारत नाही. मीही विचारला नव्हता. त्याची गोष्ट आधी सांगतो. ज्यांची ती गोष्ट आहे ते भाऊ समोर तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी घेतलेली आहे.

आपल्याला ताबा मिळाला 2000 साली. 2003 मध्ये मी हौसेने अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा आमच्याकडेच होते. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा ते तरुण होते आणि त्यांच्या घरी रेडिओ नव्हता. चौकातल्या हॉटेलबाहेर उभं राहून त्यांनी ते ऐकलेलं. मला वाटायचं, आता त्यांनी घरात आरामखुर्चीत बसून हवं तेवढं ऐकावं. जागा अडू नये म्हणून स्पीकर ब्रॅकेटवर चढवले. ब्रॅकेट ठोकले ते भाऊंच्या आणि आमच्या सामाईक भिंतीत.

अण्णांना हळूहळू कमी ऐकू यायला लागलं. "शब्द नीट कळत नाहीत रे," म्हणायचे. मी आवाज वाढवायचो. महिन्याभराने पुन्हा तेच. मी पुन्हा वाढवायचो. त्या वर्षी भाऊंची मुलगी बारावीला. एका संध्याकाळी भाऊ दारात आले. अगदी नीट बोलले, "जरा कमी कराल का? पोरगी अभ्यासाला बसलीय." आणि मी काय म्हणालो? "घर माझं आहे, गाणी सभ्य आहेत आणि घड्याळात आठ वाजलेत." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्यानंतर आठ महिने आमचं बोलणं बंद. दिवाळीला फराळाचं ताट गेलं नाही आणि आलंही नाही. लिफ्टमध्ये दोघंही मजल्यांचे आकडे वाचत उभे राहायचो.

ही कोंडी फुटली ती अण्णांमुळे. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मला आवाजातलं आपल्याला काय कळतं असा प्रश्न पडला. वय झालं की सहसा आधी वरच्या पट्टीचे सूक्ष्म आवाज कमी होतात. स, श, त, फ या व्यंजनांची धार त्या वरच्या भागात असते, म्हणून माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." अशा वेळी सरसकट आवाज वाढवला तर त्याबरोबर तबल्याचा डग्गाही वाढतो. शब्दांची धार म्हाताऱ्या माणसापर्यंत फारशी पोचत नाही. आणि डग्गा मात्र शेजाऱ्याकडे पोचतो, कारण बारीक आवाज भिंत अडवते, खर्ज अडवत नाही. त्यात स्पीकर भिंतीलाच स्क्रूने आवळलेला असला की भिंतच स्पीकर होते.

हे कळल्यावर मी न जमणारी गोष्ट केली. भाऊंची बेल वाजवली. म्हटलं, "मला तुमच्या हॉलमध्ये पाच मिनिटं बसू द्या. आमच्याकडे ही नेहमीसारखं गाणं लावणार आहे." वहिनींनी पाणी आणून दिलं. मी बसलो. आणि ऐकू आलं ते गाणं नव्हतंच. ना सूर, ना शब्द. नुसतं धप, धप, धप. कपाटाची काच बारीक थरथरत होती. आठ महिने त्या घराने आमचं "सभ्य" गाणं असं ऐकलं होतं. मुलगी अभ्यासाला बसायची ते टेबल त्याच भिंतीला लागून होतं.

त्याच आठवड्यात ब्रॅकेट उतरवले. भोकं अजून तिथेच आहेत, मुद्दाम बुजवली नाहीत. स्पीकर लाकडी स्टँडवर, खाली रबराचे जाड तुकडे, आणि स्टँड सामाईक भिंतीपासून लांब, समोरच्या बाजूला. अण्णांना श्रवणयंत्र घेतलं. त्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर एक छोटा स्पीकर ठेवला, कानापासून जेमतेम एक मीटरवर. बास कमी, ट्रेबल थोडा जास्त. पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "आता कळतंय." पूर्वीपेक्षा निम्म्याहूनही कमी आवाजात!

आजच्या भाषणाचं सगळं सार यात आलं. आवाज मोठा नको, जवळ हवा. आता हे सूत्र धरून खरेदीकडे वळू.

आधी घरातलं. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो. खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून घट थोडी कमी असते, पण नियम तोच. म्हणजे चार मीटरवरचा स्पीकर एक मीटरवर आणला तर मोकळ्यावर तेवढ्याच आवाजाला सोळावा हिस्सा पॉवर पुरते. म्हणून दुकानात वॉट विचारायच्या आधी घरात टेप घेऊन मोजा : तुम्ही बसता कुठे आणि स्पीकर येणार कुठे?

वॉटबद्दल एक सावधगिरी. काही खोक्यांवर हजारो वॉट "पीएमपीओ" असं छापलेलं असतं. त्या आकड्याकडे बघूच नका. "आरएमएस" वॉट विचारा, म्हणजे यंत्र सतत किती देऊ शकतं ते कळेल. त्यातही वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वाढ होते फक्त 3 डेसिबलची. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. आपल्या दहा बाय चौदाच्या हॉलला वीस-तीस खरे वॉट पुरून उरतात.

वॉटच्या शेजारी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते : एका वॉटमध्ये एका मीटरवर किती डेसिबल. 85 वाला आणि 88 वाला यांत 3 डेसिबलचा फरक. पहिल्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट द्यावे लागतात. हा आकडा कुणी विचारत नाही, म्हणून दुकानदारही सांगत नाही. तुम्ही विचारा.

स्टिरिओ म्हणजे दोन वेगवेगळे आवाज दोन बाजूंनी. त्याची गंमत यायला दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर सहा फूट अंतरावर, तर तुम्हीही प्रत्येकापासून सहा फुटांवर. ट्विटर, म्हणजे वरचा छोटा गोल, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. आपल्याकडे काय होतं? एक स्पीकर टीव्हीच्या बाजूला, दुसरा फ्रिजच्या डोक्यावर, कारण वायर तिथपर्यंतच पुरली. मग म्हणायचं, "एवढे पैसे घातले, पण मजा नाही."

स्पीकर कोपऱ्यात कोंबला की खर्ज फुगतो आणि गाणं गुरगुरल्यासारखं येतं. भिंतीपासून वीतभर-हातभर पुढे ओढून बघा, खर्च शून्य. नव्या पद्धतीचे हॉल म्हणजे गुळगुळीत टाइल्स, काच आणि रिकाम्या भिंती. टाळी वाजवली तर घुमते. तिथे महागडी सिस्टिमही कर्कश वाटते. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट एवढ्याने जो फरक पडतो तो दहा हजार रुपये जास्त घालूनही पडत नाही.

घ्यायचं काय? ज्यांना फक्त टीव्हीचे संवाद नीट ऐकायचेत त्यांनी साउंडबार घ्यावा. ज्यांना गाणं ऐकायचंय आणि वायरींचा कंटाळा आहे त्यांनी अॅक्टिव्ह स्पीकरची जोडी घ्यावी. त्यात अॅम्प्लिफायर आतच असतो. आणि ज्यांना पुढे टेरेसवर वेगळी जोडी लावायचीय त्यांनी वेगळा अॅम्प्लिफायर घ्यावा, "ए" आणि "बी" अशा दोन जोड्यांची सोय असलेला. जाताना आपलं नेहमीचं, पाठ असलेलं गाणं घेऊन जा. दुकानदार त्याच्या सिस्टिमवर शोभणारंच लावतो. तुमच्या गाण्यातले तानपुरे वेगळे ऐकू आले, तर घ्या.

आता बाहेरचं : टेरेस, बाल्कनी, गच्ची. इथे फसगत होते, कारण घरातला अनुभव बाहेर लागू पडत नाही. घरात भिंती आवाज परत देतात. बाहेर गेलेला आवाज गेलाच. सगळ्यात आधी खर्ज हरवतो. माणसाला वाटतं, सिस्टिम कमी पडली. तो आवाज वाढवतो, किंवा चाकांचा, दिव्यांचा पार्टी स्पीकर आणतो. जवळ बसलेल्याच्या छातीत धडधडतं, लांबच्याला शब्द कळत नाहीत, आणि तिसऱ्या विंगमधलं तान्हं बाळ उठतं.

उपाय तोच, अण्णांच्या स्टुलाचा. एका मोठ्याऐवजी दोन किंवा चार छोटे स्पीकर, माणसं बसतात तिथे जवळ, कमी आवाजात. तोंड आपल्याकडे, घराच्या दिशेला. कठड्यावर ठेवून बाहेर तोंड करून लावू नका, बाहेरच्यांनी तिकीट काढलेलं नाही. टेरेसवर माणसं विखुरलेली असतात, म्हणून स्टिरिओचा हट्टही सोडा. "मोनो"ची सोय असेल तर ती लावा. नाहीतर जुन्या काही रेकॉर्डिंगमध्ये गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. तुळशीकडे बसलेल्यांना नुसतं व्हायोलिन, झोपाळ्यावरच्यांना नुसतं गाणं!

वायरीबद्दल दोन गोष्टी. हॉलपासून टेरेसचा स्पीकर पंधरा मीटर असेल तर जाऊन-येऊन तीस मीटर तांबं होतं. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली तर तिचाच रोध जवळपास एक ओहम. तेवढी ताकद वायरीत वाया. दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची टाका. दुसरी गोष्ट महत्त्वाची. "ए" आणि "बी" दोन्ही जोड्या एकदम चालू केल्या की बहुतेक अॅम्प्लिफायरमध्ये त्या समांतर जोडल्या जातात. 8 ओहमचे दोन समांतर म्हणजे 4 ओहम. 6 चे दोन म्हणजे 3. ज्या यंत्राला एवढं खाली चालत नाही ते तापतं, बंद पडतं, कधी जळतं. मागच्या पाटीवर किमान किती ओहम ते लिहिलेलं असतं. वाचूनच दोन्ही बटणं दाबा.

बिनवायरचा स्पीकर घ्याल तर ब्लूटूथची मजल मोकळ्यावर साधारण दहा मीटर धरा. मध्ये काँक्रीटची भिंत आली की ती बरीच कमी होते. फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि स्पीकर गच्चीवर, मग गाणं अडखळणारच. एकसारखे दोन स्पीकर एकमेकांना जोडून डावा-उजवा करता येतात का, हेही विचारून घ्या.

पाऊस. स्पीकरवर "आयपी" लिहून आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. एक्स म्हणजे ती चाचणी केलेली नाही. आयपीएक्स 4 म्हणजे शिंतोडे चालतात. आयपीएक्स 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. आपल्या पुण्याच्या जून ते सप्टेंबरला कायम बाहेर काहीच ठेवू नका, आकडा कितीही असो. उन्हाने रबर कडकतं, प्लॅस्टिक ठिसूळ होतं. आणि हात जोडून सांगतो, ओल्या गच्चीवर 230 व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. अॅम्प्लिफायर आत ठेवा, बाहेर फक्त स्पीकरची वायर जाऊ द्या. नाहीतर बॅटरीवाला स्पीकर घरात चार्ज करून न्या.

आता कायद्याचं थोडं. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले 2000 सालीच. म्हणजे आपली सोसायटी आणि हे नियम एका वयाचे. निवासी भागात सकाळी 6 ते रात्री 10 मर्यादा 55 डेसिबल, रात्री 45. आणि खासगी सिस्टिमचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त चढता कामा नये. पुणेकरांना हे नवं नाही. आपला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगायचा. नियमांमुळे त्यालाही वेळेची शिस्त पाळावी लागली. पहाटेचे राग ऐकायला मिळत नाहीत याची हळहळ मलाही आहे. पण ज्या नियमापुढे सवाईने मान तुकवली, त्याच्यापुढे आपल्या टेरेसवरच्या वाढदिवसाने कुरकुर करू नये. मोबाइलवरचं मोजायचं अॅप अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो.

पण मला विचाराल तर डेसिबलपेक्षा पाच मिनिटांची परीक्षा बरी. नवी सिस्टिम लावली की घरच्यांना ती चालू ठेवायला सांगा आणि आपण शेजारी जाऊन बसा. वरच्या मजल्यावर एकदा, खालच्या मजल्यावर एकदा. टेरेस असेल तर समोरच्या विंगमध्ये. तिथे चहाही मिळतो.

आणि एक सूचना मॅनेजिंग कमिटीला. रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीसाठी साउंड सिस्टिम घ्यायचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. कोटेशन दोन मोठ्या बॉक्सचं आलंय, असं ऐकतो. गेल्या कोजागरीला भाड्याने आणलेले तसेच दोन बॉक्स गच्चीच्या एका टोकाला होते. पुढच्या रांगेतल्यांनी कानावर हात ठेवले, टाकीजवळ बसलेल्या आज्यांना सूत्रसंचालन कळलं नाही, आणि पलीकडच्या सोसायटीला सगळं कळलं! त्याच पैशात चार छोटे स्पीकर चार बाजूंना, आत तोंड करून बसवता येतील. बोलणाऱ्याचा शब्द स्पष्ट आणि मसाला दूध पिताना एकमेकांशी बोलताही येईल. वायरिंग मी करून देईन, मजुरी म्हणून दुधाचे दोन ग्लास जास्त घेईन. मतदान तुमच्या हातात.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

अण्णा 2009 मध्ये गेले. शेवटची दोन वर्षं त्यांचं बाहेर जाणं बंद होतं. संध्याकाळी भाऊ यायचे, आरामखुर्चीशेजारी मोडा ओढून बसायचे. स्टुलावरचा स्पीकर एवढा बारीक लावलेला असायचा की स्वयंपाकघरात माझ्या पत्नीला तो ऐकूही येत नसे. दोघं मात्र मन लावून ऐकत असत. ज्या भिंतीवरून आमचं वाजलं होतं, तिला पाठ टेकून.

भाऊंची ती मुलगी आता लग्न होऊन दुसरीकडे राहते. तिने नवा फ्लॅट घेतलाय. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "काका, हॉलमध्ये आणि टेरेसवर दोन्हीकडे चालेल अशी सिस्टिम सांगा ना."

मी म्हटलं, "सांगतो. पण आधी एक सांग बाळा, भिंतीपलीकडे कोण राहतं?"

ती म्हणाली, "माहीत नाही काका. अजून ओळख झाली नाही."

म्हटलं, "मग आधी ती करून ये. स्पीकर नंतर घेऊ."